खालचा दोरा

शिवणयंत्राचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक सुईपासून आरंभ करितात. हातसुईचें नेढें टोंकाच्या उलट बाजूस असतें, तें टोंकाशीं आणावें ही युक्ति प्रथम कोणास सुचली याचा शोध घेतां घेतां त्यांचीं पानें भरतात. मग पेटंटें, कोर्टकज्जे आणि अमेरिकेंतील अफाट संपत्ति यांची कथा रंगूं लागते. सुईच्या या माहात्म्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या घरीं यंत्र आहे त्या घरच्या गृहिणीस विचारून पाहावें कीं, 'बाई, हें यंत्र तुम्हांस केव्हां रडवितें?' ती सुईचें नांव क्वचितच घेईल. ती म्हणेल, खालचा दोरा वर येत नाहीं. टीप वरून सरळ दिसते, पण कापड उलटून पाहावें तों खालीं जाळें झालेलें असतें. कधीं दर चार बोटांवर दोरा तुटतो. यंत्राच्या पोटांत, सरकत्या झांकणाखालीं, सुपारीएवढी एक लोखंडी डबी बसलेली असते. तिच्यांत बॉबिन, आणि बॉबिनीवर गुंडाळलेला हा खालचा दोरा. शिवणयंत्राचें खरें बिऱ्हाड त्या डबींत आहे, असें आमचें मत आहे. इतिहासकारांनीं मात्र तिकडे फारसें वांकून पाहिलेलें नाहीं.

रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाटाव लागतें. बाहेरच्या लोकांस हें गांव आज औद्योगिक वसाहतीमुळें आणि तेथील रसायनांच्या कारखान्यांमुळें ठाऊक आहे. नांव निघतांच धुराडीं डोळ्यांपुढें येतात. पण कारखान्यांच्या पलीकडे कुंडलिकेच्या खोऱ्यांतील इतर गांवांसारखें गांवही आहे: भातशेती, उतरत्या छपरांचीं घरें, आणि उजेडासाठीं खिडकीशीं किंवा ओटीवर मांडलेलें काळें यंत्र. पेण आणि रोहें या दोन्ही तालुक्यांत, जो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई त्या साऱ्या मुलुखांत, असें यंत्र पुष्कळ घरीं दिसतें. कोठें तें पायानें चालतें, कोठें हातानें. या मुलुखाचा पाऊस वर्षाकाठीं शंभर इंचांच्या वर जातो. अशा हवेंत लोखंडाची ती लहानशी डबी पिढ्यान्पिढ्या काम करीत आली आहे, आणि तिच्या रुसव्याफुगव्यांचा अर्थ लावतांना प्रत्येक पिढीस तोच अनुभव पुनः नव्यानें घ्यावा लागला आहे. त्या रुसव्यांचें मूळ कोठें आहे तें पाहावयाचें, तर इतिहासांतच शिरलें पाहिजे.

तांदळाच्या गोणीचें तोंड ज्यानें उघडलें आहे त्यास एक चमत्कार माहीत असतो. बरोबर टोंक सांपडलें तर एका हिसक्यासरशीं सबंध शिवण सुटून येते. चुकीचें टोंक ओढलें तर गांठ बसते आणि शेवटीं कोयता आणावा लागतो. ही सांखळीची शिवण. तिच्यांतील प्रत्येक फांस पुढच्या फांसाला धरून असतो. शेवटचा सुटला कीं सर्व सुटले. यूरोपांतील पहिलें व्यवहारोपयोगी शिवणयंत्र याच तऱ्हेचें होतें. बार्तेलेमी तिमोनिए नांवाच्या फ्रेंच शिंप्यानें १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या आंकडीदार सुईला एकच दोरा लागे. पॅरिस येथें फौजेचे कपडे शिवण्यासाठीं त्याचीं सुमारें ८० यंत्रें चालूं झालीं, आणि १८३१ सालीं शहरांतील शिंप्यांच्या जमावानें चाल करून तीं मोडून टाकलीं. तिमोनिए पुढें १८५७ सालीं दारिद्र्यांत वारला. जमावास अविचारी म्हणणें सोपें आहे. ज्याचें पोट दर टांक्यावर चालतें त्यानें मिनिटास शेंकडों टांके घालणारें यंत्र पाहून काय करावें, याचें समाधानकारक उत्तर त्या वेळीं कोणाजवळ नव्हतें. यंत्र चालविणाऱ्या मालकाजवळही नव्हतें.

एका दोऱ्याच्या शिवणीचा हा उसवण्याचा दोष काढावयाचा, तर दुसरा दोरा हवा. वरचा दोरा कापडांतून खालीं जावा, तेथें त्याचा फांस व्हावा, आणि त्या फांसांतून दुसरा दोरा ओवला जावा; मग दोन्ही दोरे कापडाच्या जाडीच्या मध्यावर एकमेकांस अडकून राहतील. ही कल्पना शिंप्याची नव्हे, विणकराची आहे. उभ्या ताण्यांतून आडवा दोरा नेणारा धोटा मागावर हजारों वर्षें धांवत होता. तोच लहान करून यंत्राच्या पोटांत घातला. म्हणूनच इंग्रजींत ज्यास शटल म्हणतात तोच शब्द मागासाठीं आहे व शिवणयंत्रासाठींही आहे. बॉबिन म्हणजे विणकराची कांडी. आमच्याकडे विणकराच्या घरीं कांड्या भरण्याचें काम बहुधा बायकांकडे व मुलांकडे असे. कांडी सैल भरली किंवा एका अंगास जाड झाली, कीं धोट्यांतून दोरा अडखळत निघतो आणि कापडांत तो दोष कायमचा दिसतो, हें त्यांस शिकवावें लागत नसे. धाटाव-रोह्याकडच्या अनेक कुटुंबांस हें ज्ञान दुसऱ्या वाटेनेंही मिळालें. कावसजी नानाभाई दावर यांची कापडाची पहिली गिरणी ताडदेवास १८५६ सालीं चालूं झाली. तेव्हांपासून सव्वाशें वर्षें कोंकणचा माणूस मुंबईच्या साच्यांवर उभा राहिला. बॉबिन हा शब्द गिरणगांवांत रोजच्या तोंडांतला होता. घरीं यंत्र आलें तेव्हां बाईस तो नवा असला तरी बुवास तो जुना होता.

आतां फांस कसा पडतो तें पाहूं. कारण पुढील सर्व भांडण त्याच एका क्षणाचें आहे. यंत्राची सुई हातांत धरून निरखली तर तिच्या एका अंगास वरून खालपर्यंत लांब खांचणी दिसते. दुसऱ्या अंगास नेढ्याच्या किंचित् वर थोडीशी तासलेली जागा असते. सुई खालीं जातांना दोरा खांचणींत दडून जातो. अगदीं खालीं पोंचल्यावर ती जेव्हां जेमतेम एका दशांश इंचाइतकी वर उचलते, तेव्हां खांचणीकडचा दोरा ताठ राहतो. पण तासलेल्या बाजूचा दोरा कापडाशीं घांसून मागें राहतो आणि तेथें एक इवलासा फुगवटा येतो. बस, एवढाच तो फांस. त्याच क्षणीं शटलचें टोंक सुईला जवळ जवळ चाटून जातें व त्या फुगवट्यांत शिरतें. सुई किंचित् वांकडी असली, बोथट असली, उलटी बसविली असली किंवा दट्ट्यांत पुरती वर गेली नसली, तर फुगवटा नको तेथें पडतो किंवा मुळींच पडत नाहीं. शटल रिकामें निघून जातें आणि टांका चुकतो. टांके सुटूं लागले कीं अनेक जणी ताणाचे स्क्रू पिळूं लागतात. त्यांचा तेथें कांहीं अपराध नसतो. सुई बदलावी, तिचें सपाट अंग दोरा ज्या बाजूनें ओवावयाचा तिच्या विरुद्ध बाजूस आहे कीं नाहीं तें पाहावें. दहांपैकीं बहुतेक वेळां तेवढ्यानें काम होतें.

दोन दोऱ्यांचें यंत्र प्रथम जुळविलें तें न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यानें, १८३३-३४ च्या सुमारास. टोंकाशीं नेढें असलेली सुई आणि दुसरा दोरा वाहणारें शटल, दोन्ही गोष्टी त्याच्याजवळ होत्या. पेटंट मात्र त्यानें घेतलें नाहीं. त्याच्या मुलीनें, 'या यंत्रामुळें शिवणावर पोट भरणाऱ्या गरीब बायका उपाशीं मरतील' असें म्हटल्यावरून त्यानें तें बाजूस ठेविलें, अशी कथा सांगतात. सेफ्टी पिन याच गृहस्थाची. तीहि त्यानें अल्प किंमतीस देऊन टाकली. पुढें १८४६ च्या सप्टेंबरांत एलायस हौ यानें पेटंट मिळविलें, आणि १८५१ च्या ऑगस्टांत आयझॅक सिंगर यानें. हौचें यंत्र कापड उभें धरून आडवी शिवण घाली, सिंगरचें कापड आडवें ठेवून उभी. सिंगरच्या यंत्रांत सुई सरळ वर-खालीं होई आणि पाय कापडास दाबून धरी. दोघांचें शटल मात्र मागावरच्या धोट्याच्याच जातीचें, नावेच्या आकाराचें, मागेंपुढें धांवणारें.

आमच्या दृष्टीनें या कथेचा नायक तिसराच आहे. ॲलन विल्सन हा सुतारकामांत वाढलेला, प्रकृतीनें अशक्त मनुष्य. ज्या दिवशीं सिंगरला पेटंट मिळालें त्याच दिवशीं, १२ ऑगस्ट १८५१ रोजीं, विल्सनलाहि एक मिळालें. मागेंपुढें धांवणाऱ्या धोट्यास प्रत्येक फेरींत थांबावें लागतें व उलट फिरावें लागतें. त्यांत वेळ जातो, आवाज होतो, झीज होते. विल्सननें धोट्यास धांवण्यांतूनच मुक्त केलें. त्यानें एक गोल फिरणारी आंकडी केली. ती फांस पकडी आणि मधोमध स्थिर बसलेल्या चपट्या बॉबिनीभोंवतीं तो फांस फिरवून आणी. दोरा फांसांतून न नेतां फांसच दोऱ्यावरून ओढून घ्यावयाचा, अशी ही उलटी बुद्धि. आज आपण ज्या गोल चकतीस बॉबिन म्हणतों तिचा वंश येथून निघतो. कापड सरकविणारे चार गतींचे दांत, जे वर उठतात, पुढें जातात, खालीं दबतात व मागें येतात, तेहि १८५४ सालीं विल्सननेंच दिले. त्याची कंपनी १९०५ सालीं सिंगर कंपनीनें विकत घेतली. नांव मात्र जगाच्या तोंडीं सिंगरचेंच राहिलें. आणि सिंगरच्या मोठेपणाचें कारण बरेंचसें शोधांत नसून १८५६ पासून चालविलेल्या हप्त्यांच्या विक्रींत आहे. त्याच वर्षीं मोठ्या कंपन्यांनीं आपापलीं पेटंटें एकत्र करून कोर्टांतील लढाई मिटविली, आणि तो संघ १८७७ पर्यंत टिकला.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा परामर्ष घेतला पाहिजे. गांधीजींनीं १९२४ सालीं रामचंद्रन् या विद्यार्थ्याशीं झालेल्या संभाषणांत यंत्रांवरील आपल्या टीकेस शिवणयंत्राचा अपवाद केला. आपल्या पत्नीस कंटाळवाणें शिवण करतांना पाहून, तिच्यावरील प्रेमानें, सिंगरनें हें यंत्र काढलें, असें त्यांनीं सांगितलें. गांधीजींच्या विवेचनाचा गाभा आम्हांस मान्य आहे: यंत्रामागें लोभ आहे कीं माणसाची श्रममुक्ति आहे, हा प्रश्न त्यांनीं योग्य ठिकाणीं विचारला; आणि अशीं यंत्रें करणारे कारखाने लागतीलच ना, या अडचणीच्या प्रश्नासहि ते चुकले नाहींत. परंतु सिंगरच्या चरित्राशीं ही कथा जुळत नाहीं. तो नाटकमंडळींत वावरलेला गृहस्थ होता. बॉस्टनच्या एका कारखान्यांत बिघडलेलें यंत्र पाहून, त्यांत पैसा आहे म्हणून, तो या धंद्यांत पडला. आणि त्याचे संसार एकाहून अधिक होते. ती कथा शोभते हौला. त्याच्या दारिद्र्याच्या दिवसांत त्याची पत्नी खरोखरच शिवण करून घर चालवी, आणि तो इंग्लंडहून रिकाम्या हातीं परतला तेव्हां ती मरणपंथास लागलेली होती. कृतज्ञता योग्य होती, फक्त पत्ता चुकला होता.

आपल्याकडे हें यंत्र आलें तें एका अर्थानें शिवणच नसलेल्या देशांत. पातळ, धोतर, उपरणें, पंचा, मुंडासें यांस सुई लागत नाहीं. बाराबंदी, अंगरखा शिंपी शिवी. चोळी घरींच हातानें होई. जुन्या पातळांची गोधडी धांवदोऱ्यानें होई, आणि तिला एकच दोरा पुरे. घरोघर यंत्राची गरज निर्माण झाली ती पोलकें, झंपर, परकर आणि मुलांचे सदरे यांच्याबरोबर. सिंगर कंपनीचा हिंदुस्थानांतील व्यापार मुंबईहून उभा केला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थानें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. प्रथम यंत्र गेलें शिंप्याच्या ओट्यावर. घरांत तें शिरलें तें हळूहळू, आणि त्या वाटेवर एक महत्त्वाचा टप्पा पुण्यास आहे. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुणें सेवासदन सुरू केलें. तेथें वाचन-लेखनाबरोबर शिवणाचे वर्ग चालत. ज्या विधवेस माहेरीं ओझें आणि सासरीं अपशकुन मानीत, तिच्या हातीं पैसा आणून देणाऱ्या थोड्या वाटांपैकीं ही एक होती. न्यूयॉर्कच्या मुलीस जी भीति वाटली तिच्या नेमकें उलट आपल्याकडे घडलें. तेथें शिवण हेंच बायकांचें पोट होतें, म्हणून यंत्र शत्रु भासलें. येथें धंद्याचें शिवण पुरुषांच्या हातीं होतें, आणि यंत्रानें त्यांतला थोडा भाग बायकांस मिळवून दिला. शिंप्यांच्या दृष्टीनें ही गोष्ट कशी दिसली असेल, हें सांगणारा कोणी लेखक आम्हांस भेटला नाहीं. नामदेवांच्या समाजाचा तो इतिहास कोणी लिहावा अशी आमची इच्छा आहे.

आतां त्या जाळ्याकडे वळूं. टीप घालून कापड उलटावें, आणि खालच्या बाजूस दोऱ्याचीं वेटोळीं पडलेलीं दिसावींत, हा सर्वांत सामान्य रोग. गुंता खालीं दिसतो म्हणून दोष खालच्या दोऱ्याचा, असें मन सहज म्हणतें; बॉबिन काढली जाते, डबीवरील तो बारीक स्क्रू फिरविला जातो, आणि एका रोगाचे दोन होतात. वस्तुस्थिति उलट आहे. आंकडी प्रत्येक टांक्यास वरच्या दोऱ्याचा मोठा फांस ओढून बॉबिनीभोंवतीं फिरविते. मग वरची हलणारी दांडी, जिच्या छिद्रांतून दोरा ओवलेला असतो, तो फांस वर खेंचून घेते. वरच्या दोऱ्यावर ताण नसेल, किंवा त्या दांडींत तो ओवलेलाच नसेल, तर खेंचलेला दोरा खालींच राहतो आणि त्याचीं वेटोळीं सांचतात. सारांश, खालीं दिसणारें जाळें वरच्या दोऱ्याचें असतें. तसेंच वरच्या बाजूस खालचा दोरा ठिपक्यांसारखा उमटला तर वरचा ताण अधिक आहे किंवा खालचा अगदीं सैल आहे.

याहूनहि बारीक एक गोष्ट आहे. वरच्या दोऱ्यास ताण देणाऱ्या दोन चकत्या दाबाचा पाय खालीं असतां मिटलेल्या असतात व तो उचलला कीं उघडतात. पाय खालीं ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्यें न शिरतां वरवर बसतो. ओवणारीस वाटतें, सर्व यथास्थित झालें. यंत्रास मात्र ताण मिळालेलाच नसतो. म्हणून पहिला उपाय स्क्रूचा नव्हे. पाय उचलावा, सुई व दांडी अगदीं वर आणावी, दोरा सबंध काढून पुनः प्रथमपासून ओवावा. दोन्ही दोऱ्यांचीं टोंकें पायाखालून मागें घेऊन पहिल्या दोन-तीन टांक्यांपुरतीं धरून ठेवावींत, आणि चाक उलट फिरूं देऊं नये. पायाच्या यंत्रावर नवशिकी मुलगी पायटा उलटा मारते आणि तेवढ्या अर्ध्या फेऱ्यांत डबीपाशीं गांठ बसते.

डबीची परीक्षा करावयाची तर तीहि पिळापिळीशिवाय होते. भरलेली बॉबिन डबींत घालावी. फटींतून पातीखालीं निघतांना दोऱ्यानें उलटें वळण घेतलें आहे ना तें पाहावें. मग दोऱ्याचें टोंक धरून डबी लोंबती सोडावी. ती आपल्या वजनानें भराभर खालीं उतरली तर ताण कमी. मनगटाच्या हलक्या हिसक्यासरशीं थोडी उतरून थांबली तर ठीक. हिसका देऊनहि जागची हलली नाहीं तर ताण अधिक. स्क्रू फिरविण्यापूर्वीं त्या पातीखालीं सुतळीएवढा मळ तर अडकला नाहीं ना, हें पाहावें. धाग्याचा भुसा आणि तेल यांची लांब वळलेली वात तेथून निघालेली आम्हीं पाहिली आहे. ती पात किंचित् उचलून धरी, आणि मग डबींत ताण म्हणून राहत नसे. स्क्रू फिरविणें अपरिहार्यच झालें तर पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. तो इतका लहान आहे कीं चटईवर पडला तर पुनः मिळत नाहीं.

दोरा तुटण्याचें प्रकरण निराळें. त्यासाठीं स्कॉटलंडांतील पेझली गांवीं गेलें पाहिजे. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळें १८०६ नंतर रेशीम मिळेनासें झालें, तेव्हां तेथील क्लार्क घराण्यानें कापसाचा गुळगुळीत पिळलेला दोरा काढला. प्रथम मागाच्या वयांसाठीं, मग शिवणासाठीं. हातशिवणीस तो उत्तम होता. यंत्र आलें तेव्हां मात्र तो टिकेना. कारण असें कीं, यंत्रांत दोऱ्याचा एकच तुकडा टांक्यांत कायम बसण्यापूर्वीं नेढ्यांतून अनेक वेळां खालींवर ओढला जातो. तीन पदरी, चकाकी दिलेला दोरा त्या घांसण्यानें फुले व तुटे. १८६० नंतरच्या दशकांत सहा पदरी मऊ दोरा निघाला तेव्हां यंत्रास आपला जोडीदार मिळाला. पिळाची दिशाहि ठरली; यंत्राची गति एका दिशेचा पीळ घट्ट ठेविते व उलट दिशेचा उलगडून टाकते. गोधडीच्या दोऱ्यानें किंवा स्वस्त भरतकामाच्या दोऱ्यानें यंत्र चालविणारीस हा इतिहास ठाऊक नसतो, त्याचा प्रत्यय मात्र तत्काळ येतो. आज कापसाची जागा बहुतांशीं पॉलिएस्टरनें घेतली आहे. तो कुजत नाहीं, पण ताणला जातो. त्यानें बॉबिन वेगानें व ताणून भरली तर शिवल्यावर टीप आंखडते व कापडास चुण्या पडतात. लांकडी रिळें तेवढीं गेलीं, आणि त्यांच्याबरोबर रिळांच्या गाड्या करणारी मुलेंहि गेलीं.

कोंकणांत या सर्वांवर पावसाची आणि खोबरेलाची भर पडते. आषाढ-श्रावणांत यंत्र महिना-दोन महिने झांकून राहतें. शटलच्या वाटेवर तांबेरा धरतो. बॉबिनीवर राहिलेला सुती दोरा बुरशीनें कमजोर होतो. भाद्रपदांत गणपतीच्या आधीं झंपर शिवावयास बसावें तों दोरा तटातट तुटूं लागतो. घरांत जें तेल असेल तें घालावें, ही आपल्याकडील जुनी रीत. रोह्या-पेणकडे तें बहुधा खोबऱ्याचें. सुकल्यावर तें चिकट होतें, थंडींत गोठतें, आणि भुसा धरून ठेवतें. यंत्र जड झालें म्हणून आणखी घालावें, तों तें आणखी जड. यंत्रासाठीं मिळणारें पातळ खनिज तेल एकेक थेंब घालावें, पूर्वींचें पुसून मग घालावें, आणि पावसाळ्यापूर्वीं बॉबिन रिकामी करून डबीस तेलाचा हात फिरवून ठेवावी. दोन टीपांचा चुकार कपडा आधीं शिवून घ्यावा, म्हणजे तेलाचा डाग नव्या खणावर पडत नाहीं.

हें सर्व इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण आहे. यंत्र बिघडलें म्हणजे आपल्या घरांत प्रथम ठपका येतो तो बाईच्या हातावर. 'हिचा हात बसला नाहीं', हें वाक्य ज्यानें कधीं यंत्राचें झांकण सरकविलें नाहीं तोच मोठ्या खात्रीनें उच्चारतो. मग दुरुस्तीवाला येतो. तो आंत बोट घालतो, दोनदां चाक फिरवितो, आणि यंत्र चालूं लागतें. त्यानें केलें काय, हें तो सांगत नाहीं व कोणी विचारीत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला आणि तो कधीं रीतसर संपलाच नाहीं. अनेक गिरणीकामगार कोंकणांत परतले. ज्या घरांत पुरुषाचा पगार थांबला आणि यंत्र होतें, त्या घरांत त्या यंत्रास काय मोल आलें असेल हें वेगळें सांगावयास नको. शाळेचा गणवेश, शेजारणीचें पोलकें, फाटक्या विजारीचें ठिगळ, असें काम दिवसाच्या हिशोबानें येतें. तेथें दोन दिवस दुरुस्तीवाल्याची वाट पाहणें म्हणजे दोन दिवसांची मिळकत गेली. पाय उचलून दोरा ओवावा, एवढें एक वाक्य तिला कोणी वेळेवर सांगितलें असतें तर ती वाचली असती. शिवणाचे वर्ग निघाले, त्यांत माप, काट, गळा, बाही शिकविली. यंत्राचें पोट उघडून दाखविणारे वर्ग फार थोडे. हा आमच्या मतें त्या सर्व सुधारणेंतील ढळढळीत उणेपणा होय.

यंत्र स्वदेशी झालें तें १९३५ सालीं स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सपासून. त्याचें 'उषा' हें नांव पुढें घरोघर झालें. ओतीव लोखंडाचा सांगाडा करणें हें त्यांतलें सोपें काम. सुईला चाटून जाणारें पण न लागणारें शटलचें टोंक, आणि दोऱ्यास केंसाएवढ्या फरकानें धरणारी डबीची पात, येथें कारागिराची परीक्षा असते. नमुना म्हणून जगानें जें यंत्र स्वीकारलें तें सिंगरचें पंधरा क्रमांकाचें, गोल बॉबिन उभी बसविलेलें आणि मागेंपुढें झुलणाऱ्या शटलचें. आपल्याकडील घरगुती काळीं यंत्रें प्रायः त्याच घराण्याचीं. तत्पूर्वींच्या लांब नावेसारख्या शटलचें यंत्र अजूनहि एखाद्या जुन्या वाड्यांत सांपडतें. त्याची बॉबिन दांतकोरण्यासारखी लांब व बारीक असते आणि तिच्यांत दोरा फार थोडा मावतो.

पंधरा क्रमांकाच्या त्या बॉबिनीचें माप मात्र बदललें नाहीं: सुमारें २० मिलिमीटर व्यास आणि १२ मिलिमीटरांहून किंचित् कमी उंची. आजीच्या काळ्या यंत्रासाठीं रोह्याच्या बाजारांत आज बॉबिन मागितली तरी मिळते. फक्त एक पाहून घ्यावें. विजेच्या नव्या यंत्रांसाठीं ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बॉबिना मिळतात, त्यांतील कांहींच्या कडा किंचित् फुगीर असतात. जुन्या लोखंडी डबींत त्या बसतात असें वाटतें, पण फिरतांना अडखळतात. दुकानदार दोन्ही एकाच बरणींतून काढून देतो. घरची जुनी बॉबिन बरोबर न्यावी आणि नवी तिच्यावर ठेवून, कड कडेस लावून, मगच घ्यावी.